ओबेलियाचा पत्ता

ओबेलिया म्हणजे समुद्रात एका जागी चिकटून, वसाहत करून वाढणारा इवलासा प्राणी. कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारा, तो त्याच्या ओळखीचा निघतोच. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या टेबलावर ती गुलाबी स्लाइड मांडलेली असते. मधोमध उभा दांडा, त्याला आलटून पालटून डावी-उजवीकडे फुटलेले देठ, प्रत्येक देठाच्या टोकाला पारदर्शक पेला आणि पेल्यातून वर आलेला टेंटॅकल्सचा, म्हणजे भक्ष्य पकडणाऱ्या बारीक धाग्यांचा झुपका. खालच्या बेचक्यांत लांबट कुप्या, कुप्यांच्या आत कळ्या. एचबी पेन्सिलने चित्र काढायचं, उजव्या बाजूला आडव्या रेघा ओढून नावं लिहायची, जर्नलवर सही घ्यायची. परीक्षेत स्पॉटिंगला ओबेलिया आला की मुलांना हायसं वाटतं, कारण तो लांबूनही ओळखू येतो.

ही चित्रं तपासताना मी दरवर्षी एकाच ओळीपाशी थांबते. ‘हॅबिटॅट: मरीन.’ बस, एवढंच. बिबट्याचा अधिवास ‘जमीन’ असा कुणी लिहून दिला तर आपण त्याला गुण देणार नाही. ओबेलियाला मात्र ‘समुद्र’ पुरतो. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राखाली आहे आणि त्यातल्या फार थोड्या जागी ओबेलियाची वसाहत उभी राहू शकते. स्लाइडवरच्या चिठ्ठीवर प्राण्याचं नाव असतं, ‘व्होल माउंट’ असं लिहिलेलं असतं, कधी पुरवठादाराचा शिक्का असतो. तो कुठल्या किनाऱ्यावरून आला, कशावरून खरवडून काढला, कुठल्या महिन्यात काढला, यातलं काहीही नसतं. गुलाबी रंगसुद्धा त्याचा नाही. तो बोरॅक्स कार्माइन या प्रयोगशाळेतल्या रंगाचा. जिवंत ओबेलिया जवळजवळ पारदर्शक असतो, उजेडात धरला तर पांढुरका.

माझं म्हणणं असं की ओबेलिया जागेपासून सोडवून घेतला की कळतच नाही. वाघ-हत्तीबद्दल हे आपण एव्हाना मान्य केलंय. जंगल नको आणि वाघ हवा, असं आता कुणी म्हणत नाही. पण इंचभर उंचीच्या, एका जागी चिकटून बसलेल्या प्राण्याच्या बाबतीत जागेचा प्रश्न वाघापेक्षाही जास्त खरा आहे. वाघ निदान उठून दुसरीकडे जाऊ शकतो.

राधानगरीकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि म्हणाला, “मॅडम, ह्यो तर ऊसच हाय की!” वर्ग हसला, मला मात्र ते फार आवडलं. दांडा किंचित नागमोडी, देठांच्या बुडाशी कड्याकड्यांचे सांधे, आणि मुळाशी जमिनीलगत पसरलेलं जाळं. हे जाळं म्हणजे हायड्रोरायझा. उसाच्या गड्ड्यातून जसे नवे कोंब येतात तसे या जाळ्यातून नवे दांडे उभे राहतात. आपल्याकडे ऊस तोडून नेल्यावर त्याच बुडख्यातून खोडवा घेतात, तसं इथेही चालतं. वरचे दांडे गेले, माशांनी कुरतडले, ऋतू बिघडला, तरी खडकाला चिकटलेलं जाळं जिवंत असेल तर वसाहत पुन्हा उभी राहू शकते. उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना ही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. मी तेव्हापासून हायड्रोरायझा आधी शिकवते आणि टेंटॅकल्स नंतर. पुस्तकांत उलटा क्रम असतो. त्यामुळे मुलं मुळाकडच्या भागाला दोन तिरप्या रेघा मारून सोडून देतात.

पॉलिप म्हणजे वसाहतीतला एकेक सदस्य. वरच्या पेल्यांत बसलेले पॉलिप खाणारे. प्रत्येकाची उंची मिलिमीटरपेक्षा कमी, पण टेंटॅकल्सवर दंशपेशी ठासून भरलेल्या. पाण्यातला एखादा सूक्ष्म कवचधारी जीव चाटून गेला की दंशपेशीतला गुंडाळलेला दोरा उलटा होऊन बाहेर सुटतो, भक्ष्य लुळं पडतं आणि तोंडाकडे ओढलं जातं. आपल्या कातडीला ओबेलियाचा दंश जाणवत नाही. हायड्रॉइड म्हणजे ओबेलियासारखे वसाहत करून राहणारे प्राणी; त्यांतले काही मोठे, पिसाच्या आकाराचे नातलग मात्र चांगलेच भाजतात. एका पॉलिपने खाल्लेलं त्याचं एकट्याचं राहत नाही. सगळ्या दांड्यांतून, देठांतून, खालच्या जाळ्यातून एकच पोकळी फिरलेली असते. जिवंत वसाहत समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर त्या नळीतून बारीक कण धावताना दिसतात. एका दिशेला जातात, थबकतात, उलटे फिरतात. हे बघताना वेळेचं भान राहत नाही. बेचक्यांतल्या कुप्यांमध्ये जे जननाचे पॉलिप असतात त्यांना तोंडच नसतं, त्यांचं पोषण या नळीतूनच होतं. खाणारा पॉलिपही काही दिवसांचाच. म्हातारा झाला की तो विरघळतो, त्याचं द्रव्य वसाहतीत परत शोषलं जातं आणि त्याच देठावर नवा पॉलिप फुटतो. स्लाइडवर बघितलेल्या वसाहतीतलं कुणीच फार दिवसांचं नसतं. टिकून असतं ते जाळं आणि त्याने धरलेली जागा.

ती जागा ठरते कशी, हा या सगळ्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. ओबेलियाचं बीजांड फलित झालं की त्यातून प्लॅन्युला नावाची अळी होते. लांबुळकी, अंगभर केसांसारखे सीलिया, तोंड नाही. तिच्यापाशी वेळ थोडा असतो. तेवढ्यात तिला बसायला जागा शोधायची असते. समुद्रात पडलेल्या कुठल्याही वस्तूवर काही तासांत जिवाणूंचा आणि नंतर डायाटमसारख्या एकपेशीय जिवांचा बुळबुळीत थर चढतो. अनेक हायड्रॉइडांच्या अळ्या या थराचा माग घेऊन बसायचं की पुढे जायचं ते ठरवतात. एकदा पुढच्या टोकाने चिकटली की अळीचा प्रवास संपला. त्यानंतरचं सगळं, पहिला पॉलिप, पहिला देठ, शेकडो पेले, त्या एका निवडीवर उभं असतं. खडक सावलीतला आहे का, पाणी वाहतं आहे का, गाळ साचतो का, ओहोटीला किती वेळ उघडं पडावं लागेल, हे सगळं एका मिलिमीटरहून लहान, मेंदू नसलेल्या जिवाच्या पदरात पडतं. जर्नलमधल्या ‘मरीन’ या शब्दामागे इतकं सगळं आहे.

आता कोल्हापूरकरांना वाटतं की समुद्र आपला नाही. आपली नदीही तसंच वागते. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथल्या कड्यावरून पश्चिमेला बघितलं तर खाली कोकण पसरलेलं दिसतं. पण कड्याच्या अलीकडे पडलेलं पाणी कुंभीत उतरतं, कुंभी पंचगंगेत, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि कृष्णा पार पूर्व किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात. जवळचा समुद्र सोडून पाणी अख्खं द्वीपकल्प ओलांडतं. आपण मात्र आंबा घाट उतरलो की रत्नागिरी. शे-सव्वाशे किलोमीटर. आणि तिथे गेल्यावर पायाखाली जो दगड लागतो तो परका नाही. अंबाबाईचं देऊळ ज्या पाषाणात बांधलंय तोच दख्खनचा बेसॉल्ट, आणि पन्हाळ्याच्या माथ्यावर आहे तोच जांभा. लाव्हाचे तेच थर पश्चिमेला समुद्रात उतरलेत. ओबेलिया ज्याला चिकटतो तो दगड आपल्या ओळखीचा आहे, हे मुलांना सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर समुद्राबद्दलची भीती जरा कमी होते.

किनाऱ्यावर जायचं तर आधी तिथी बघावी लागते. कोकणात जुना हिशोब आहे. तिथीला पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अमावास्या-पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराला आणि पूर्ण ओहोटी त्याआधी किंवा नंतर सहा-सव्वासहा तासांनी, पहाटे पाचला नाहीतर संध्याकाळी साडेपाचला. पहाटे पाचला काही दिसत नाही. म्हणून आम्हाला सोयीची पडते ती द्वितीया-तृतीया. उधाण अजून चालू असतं आणि पाणी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास सर्वांत खाली जातं. कोल्हापुरातून पहाटे चारच्या आत निघालं तर बरोबर पोचतो. हिशोब ढोबळ आहे, जागेनुसार थोडं मागेपुढे होतं, पण अष्टमीच्या भांगाला जाऊन निराश होण्यापेक्षा हे बरं. भांगाला पाणी पुरेसं मागे हटतच नाही.

खडकावर वरून खाली उतरताना पट्टे बदलतात. वरती जेमतेम फवारा पोचतो तिथे बारीक गोगलगायी. मग दगडाला घट्ट चिकटलेल्या कवचवाल्या बार्नॅकल्सचा खरखरीत पट्टा, मग कालवं, मग शेवाळ. ओबेलियासाठी त्याच्याही खाली जायचं. उन्हात वाळणं त्याला सोसत नाही. म्हणून खडकाच्या कपारी, डबक्यांच्या सावलीतल्या भिंती, पाण्यातल्या दगडांच्या खालच्या बाजू, जिथे ओहोटीलाही ओल राहते किंवा पाणी हलतं राहतं. थंड समुद्रांत तो केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाच्या रुंद पानांवर वाढतो. पाठ्यपुस्तकांत ते चित्र हमखास असतं आणि आपल्याकडे केल्प नाहीच. इथे त्याला दगड, शिंपले, सरगॅसमसारखी शेवाळं, खांब, दोर चालतात. दगड उलटवून बघितला तर होता तसा परत ठेवायचा, ही अट मी मुलांना घाटातच घालते. खालची बाजू वर राहिली तर त्यावरचं सगळं दुपारपर्यंत मरतं. उपटून आणायचं काहीच नाही. भिंग, मोबाइलचा कॅमेरा आणि समुद्राच्या पाण्याने भरलेली काचेची बशी एवढ्यावर काम भागतं.

खरा ओबेलिया भेटला तो मात्र खडकावर नाही, रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरात. एका तांडेलाने पाण्यातून ओढून काढलेल्या दोरावर करड्या केसांचा झुपका होता. “घाण आहे ती, दोर खराब करते,” तो म्हणाला. मी विचारलं, सगळीकडे येते का? तर म्हणाला, दोराच्या उन्हाकडच्या अंगाला कमी, सावलीच्या अंगाला जास्त, आणि अगदी वर नाही, पाण्याखाली राहतो तेवढ्याच भागावर. “पावसात जाते. दिवाळी झाली का परत धरते.” जर्नलातल्या एका ओळीच्या जागी या माणसाने खोली, उजेड, आधार आणि ऋतू चारही गोष्टी सांगितल्या. मला वाटतं प्राणिशास्त्राच्या शिक्षकाने किनाऱ्यावर गेल्यावर आधी अशा माणसापाशी बसावं, आणि मग पुस्तक उघडावं.

त्या झुपक्याचा बोटभर तुकडा बशीत सोडला. पाणी स्थिरावल्यावर पेल्यांतून टेंटॅकल्स हळूहळू बाहेर आले आणि पसरले. पण त्याआधी लक्ष गेलं ते बाकीच्यांकडे. काडीएवढे कृश कॅप्रेलिड, म्हणजे कोळंबीचे दूरचे नातलग, मागचे पाय दांड्याला रोवून पुढचं अंग पाण्यात झुलवत होते. न्यूडिब्रँक या बिनकवचाच्या समुद्री गोगलगायींतल्या कित्येक जाती फक्त हायड्रॉइडांवर पोसतात, आणि नवल म्हणजे खाल्लेल्या पॉलिपांच्या दंशपेशी न पचवता स्वतःच्या पाठीवरच्या फुगवट्यांत नेऊन ठेवतात, शत्रूसाठी. पिक्नोगोनिड म्हणजे समुद्री कोळी, त्यांच्या काही जातींचं बाळपण हायड्रॉइडच्या पॉलिपच्या आत जातं. थंड समुद्रातल्या शिंपल्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलंय की त्यांची कोवळी पिल्लं मोठ्या शिंपल्यांच्या गर्दीत थेट न जाता आधी शेवाळाच्या आणि हायड्रॉइडांच्या तंतूंवर उतरतात, तिथे थोडी मोठी होतात आणि मग पुढे जातात. म्हणजे ओबेलियाला जागा लागते, आणि तो उभा राहिला की त्याचीच जागा होते. तांडेलाच्या दोरावरच्या त्या घाणीत मला अर्ध्या तासात जितके प्राणिसंघ दिसले तितके आमच्या प्रयोगशाळेच्या एका कपाटात नसतील.

हे प्राणी आहेत हे माणसाला पटायलाही समुद्रावर जावं लागलं होतं. अठराव्या शतकात लंडनचा व्यापारी जॉन एलिस किनाऱ्यावरून गोळा केलेली शेवाळं आणि हायड्रॉइड कागदावर चिकटवून त्यांची निसर्गचित्रं करायचा. वाळलेला हायड्रॉइड झाडच वाटतो. मग त्याने भिंगाखाली बघितलं, शंका आली, आणि १७५२ मध्ये तो ब्रुकिंग नावाच्या समुद्रचित्रकाराला बरोबर घेऊन शेपी बेटावर गेला. तिथे ताज्या समुद्राच्या पाण्यात त्याला पॉलिप हात पसरताना दिसले. १७५५ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि ही झाडं नसून प्राण्यांनी बांधलेल्या वसाहती आहेत हा मुद्दा त्याने मांडला. कागदावरून पाण्यापर्यंत त्याला जायला लागलं, तेव्हा कुठे हे घडलं. आमच्या स्लाइडचा प्रवास नेमका उलटा, पाण्याकडून कागदाकडे.

आणि ओबेलियाचं अर्धं आयुष्य तर दांड्यावर नसतंच. बेचक्यातल्या कुप्यांतून ज्या कळ्या सुटतात त्या चपट्या, काही मिलिमीटरच्या मेड्युसा, म्हणजे छत्रीसारख्या इवल्या जेलीफिश होऊन पोहत निघतात. त्यांत नर-मादी असतात, बीजांडं आणि शुक्राणू पाण्यात सोडले जातात, त्यातून पुन्हा प्लॅन्युला. ही मेड्युसा जरा वेगळीच. इतर हायड्रोमेड्युसांना छत्रीच्या काठाला आतून जो पडदा असतो तो हिला जवळजवळ नाही, आणि पुष्कळदा ती छत्री उलटी वळवून पोहते. जुन्या अभ्यासकांना या दोन रूपांचं नातं माहीत नव्हतं. लिनियसने १७५८ मध्ये दांड्यावरच्या वसाहतींना एक नाव दिलं, पेराँ आणि लेस्युर यांनी १८१० मध्ये ‘ओबेलिया’ हे नाव दिलं ते पोहणाऱ्या मेड्युसाला. पुढे १८४२ मध्ये डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यांनी अशा आलटून पालटून येणाऱ्या पिढ्यांची कल्पना नीट मांडली आणि गुंता सुटायला लागला. जातींचा गुंता मात्र त्याहून जास्त टिकला. १९७५ मध्ये कॉर्नेलियस यांनी ओबेलियाच्या नावांची ती प्रचंड गर्दी मोजक्या जातींवर आणली. त्यातली एक अडचण विचार करण्यासारखी आहे. मेड्युसा बघून ओबेलियाची जात सांगता येत नाही. त्यासाठी बसलेली वसाहत लागते, पेल्याची कड दातेरी आहे की सपाट, पेल्याखाली भिंत जाड होते का. पोहणाऱ्याची ओळख बसलेल्यावरून पटवावी लागते.

ओबेलिया जगभर सापडतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि मोठ्या अंशी ते खरं आहे. लाकडी जहाजांच्या बुडाला चिकटून हायड्रॉइडांनी शतकानुशतकं प्रवास केला. पण ‘जगभर’ हासुद्धा पत्ता नाहीच. २००५ मध्ये अ‍ॅनेट गोविंदराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओबेलिया जेनिक्युलाटा या एकाच जातीच्या ठिकठिकाणच्या वसाहतींचे जनुकीय धागे तपासले. उत्तर अटलांटिक, जपान आणि न्यूझीलंड इथल्या वसाहती दिसायला सारख्या, पण त्यांचे वंश फार पूर्वीच वेगळे झालेले. त्यांच्या पेशींमध्ये त्यांचा किनारा लिहिलेला आहे. एका नावाखाली एकच चित्र छापून आपण तो पुसतो.

उजेडाची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र ओबेलिया पुरा होत नाही. अंधारात जिवंत ओबेलियाला धक्का लागला की तो हिरवट चमकतो. त्यातल्या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाला ओबेलिन म्हणतात. कॅल्शियमचा स्पर्श झाला की ते उजळतं. १९७४ मध्ये अँथनी कॅम्पबेल यांनी ते ओबेलियातून वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं, आणि पुढे पेशीच्या आत कॅल्शियम कधी वाढतं हे बघण्यासाठी संशोधकांनी त्याचा उपयोग केला. स्नायू आकुंचन पावतो, चेतापेशी संदेश सोडते, तिथे सगळीकडे कॅल्शियम असतं. एका दोरावरच्या घाणीतून इतकं निघालं. कार्माइनमध्ये रंगवलेली वसाहत अर्थात कधीच चमकत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण कोल्हापुरात बसून समुद्राच्या प्राण्याचं एवढं काय? त्यांना मी शंकर पुरुषोत्तम आघारकरांबद्दल सांगते. १८८४ चा जन्म, मालवणचा. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नाव झालं, पुण्याची आजची आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. या समुद्रकाठच्या माणसाने १९११-१२ च्या सुमारास जेलीफिश शोधली ती समुद्रात नाही, सह्याद्रीतल्या नदीत. सातारा जिल्ह्यातल्या कोयना आणि वेण्णा या कृष्णेच्या उपनद्यांतली ही गोड्या पाण्यातली मेड्युसा, लिम्नोक्निडा इंडिका. तोवर हा वंश आफ्रिकेतच आहे असं समजलं जात होतं. तीही ओबेलियासारखी हायड्रोझोआ वर्गातली. जी कृष्णा आपल्या पंचगंगेला पोटात घेते तिच्याच खोऱ्यात हे झालं. तळ्यातल्या पाणवनस्पतीवर बसणारा हायड्रा हाही याच घरातला. तेव्हा हा वर्ग परक्या किनाऱ्यांवरचा, पुस्तकात राहणारा, असं कोल्हापुरातल्या मुलांना वाटू देणं मला मान्य नाही.

म्हणून आता आमच्या स्लाइडच्या पेटीत एक वही असते. प्रत्येक समुद्री प्राण्यासाठी एक पान, त्यावर पाच गोष्टी लिहायच्या: कशाला चिकटतो, पाण्याच्या किती खाली, उजेडात की सावलीत, त्याच्यावर कोण राहतं किंवा त्याला कोण खातं, आणि वर्षातून कधी नाहीसा होतो. ज्या रकान्यात माहिती नाही तो कोरा ठेवायचा, ‘मरीन’ लिहून भरायचा नाही. ओबेलियाच्या पानावरचे चार रकाने एव्हाना भरलेत. शेवटच्या रकान्यात पेन्सिलने तांडेलाचं वाक्य आहे, पावसात जाते, दिवाळीनंतर परत धरते. ते शाईने लिहिण्याआधी आपण बघायला हवं, असं मुलांचंच म्हणणं पडलं.

त्यासाठी मुलांनी जुनी मंगलोरी कौलं फोडून तळहाताएवढे तुकडे केले, भोकं पाडून नायलॉनच्या दोरीला ओवले आणि परवानगी घेऊन बंदरात, सर्वांत खालच्या ओहोटीच्याही खाली राहतील असे सोडले. जगभर समुद्रजीव कसे वस्ती करतात हे याच रीतीने बघतात, फक्त तिथे प्लॅस्टिकच्या किंवा दगडाच्या पाट्या असतात. काही आठवड्यांनी वर काढले तेव्हा त्यांवर बुळबुळीत थर होता, बार्नॅकल्स होते, नळीत राहणाऱ्या किड्यांची पांढरी वळणं होती, आणि खालच्या बाजूला, जिथे ऊन पोचत नाही आणि गाळ बसत नाही, तिथे हायड्रॉइडांचं जाळं धरलेलं होतं. वरच्या बाजूला जवळजवळ नाही. तांडेलाने सांगितलेला सावलीचा मुद्दा मुलांनी स्वतः मोजून वहीत लिहिला.

पावसाळ्यात कोकणातल्या नद्या-ओढे लोंढ्याने समुद्राला मिळतात, किनाऱ्यालगतचं पाणी गोडसर होतं, गढूळ होतं, लाटा खडक घासून काढतात. त्यात वरचे दांडे टिकत नसणार हे उघड आहे. पण खाली चिकटलेल्या जाळ्याचं काय होतं? तेही मरतं आणि दिवाळीनंतर नव्या अळ्या येऊन बसतात, की खोडव्यासारखं तेच पुन्हा फुटतं? दोन्हींमध्ये फार फरक आहे. पहिलं खरं असेल तर दरवर्षीचा ओबेलिया बाहेरून येतो. दुसरं खरं असेल तर तो इथलाच, त्याच दगडावरचा. यंदा जूनमध्ये मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढल्या जातील तेव्हा आम्ही काही कौलं पाण्यातच ठेवणार आहोत, प्रत्येकावरच्या जाळ्याचा फोटो आणि आराखडा आधी काढून. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या चांगल्या ओहोटीला ती वर घ्यायची, घासायची नाहीत, समुद्राच्याच पाण्यात ठेवायची आणि जुन्या आराखड्यातल्या रेघांवरून कोंब येतात का ते बघत राहायचं.